ओढ्यातली ऊब

बूट पायात घालायचे असतात हे आमच्या साहेबांना फक्त ऑफिसात आठवायचं. बीडहून जीप निघाली, घाट चढून लिंबागणेशच्या पुढं आली आणि पहिला ओढा दिसला की ते ड्रायव्हरला थांबवत. बूट काढत, दोन्ही बुटांच्या नाड्यांची एकमेकींना गाठ मारून ते गळ्यात अडकवत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडत आणि सरळ पाण्यात उतरत. मग जीप रस्त्यानं पुढं जायची आणि साहेब ओढ्यानं. त्यांच्या मागून टेपचं चाक आणि वह्या सांभाळत मी. गुराखी हसायचे, बायका तोंडाला पदर लावायच्या. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं की ह्यांचं डोकं जन्मापासूनच असं आहे का नोकरीत लागल्यावर झालं. मी म्हणालो, नोकरीत.

आमचं खातं भूजलाचं. साहेब माझे वरिष्ठ आणि मी त्यांच्या हाताखालचा मापक. वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरींवर जायचं, पोलादी टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप आत सोडायची, वर ओढायची आणि खडू जिथपर्यंत भिजला असेल तो आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम. बाकीचे लोक ते पारावर बसूनसुद्धा उरकायचे. मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा आणि त्यात थोडंफार कमीजास्त करायचं. अशा एकाची वही साहेबांच्या हाती लागली तेव्हा ते ओरडले नाहीत. फक्त मला म्हणाले, "ह्यो डाक्टर नाडी न बघता ताप लिव्हतो बे." त्या माणसाशी ते पुढं कधीच बोलले नाहीत. त्यांचा खिसा कायम खडूनं पांढरा असायचा, आणि शाळा दिसली की आत जाऊन मास्तरांकडं खडूचे तुकडे मागायची त्यांना अजिबात लाज वाटायची नाही.

लोक त्यांना खेकडेसाहेब म्हणायचे. त्याचं कारण असं की दुसरे लोक भेटल्यावर पोराबाळांची चौकशी करतात, तशी हे खेकड्यांची करायचे. ओढ्याकाठी कुणी भेटलं की पहिला प्रश्न, औंदा खेकडी दिसती का? कुठं दिसती? बिळाच्या तोंडाशी चिखल ओला असतो का वाळलेला? समोरच्याला वाटायचं साहेबाला खायला पाहिजेत. दोन-तीन वेळा लोकांनी टोपलीभर पकडूनही आणून दिले. ते टोपली घेऊन आल्या वाटेनं परत जायचे आणि खेकडे जिथले तिथं सोडून यायचे. जीपचा ड्रायव्हर खेकड्याच्या कालवणाचा मोठा शौकीन होता, त्याच्या जिवावर यायचं ते.

ते मूळचे गेवराईकडचे, गोदाकाठचे. थोरली नदी दाराशी असलेला माणूस आमच्या डोंगरातल्या टीचभर ओढ्यांमागं का लागला, असं मी एकदा विचारलं. गोदावरीत कुठलं पाणी कुठून आलं हे कुणी सांगू शकत नाही, ओढ्याचं सांगता येतं, असं ते म्हणाले. बीडात त्यांनी भाड्यानं घेतलेल्या खोलीत खिडकीच्या फळीवर बाटल्यांची रांग होती. वेगवेगळ्या ओढ्यांचं पाणी, प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. एकदा घरमालकिणीनं साफसफाई करताना सगळं पाणी तुळशीला घातलं. साहेब आठ दिवस तिच्याशी आणि तुळशीशी, दोघींशीही बोलले नाहीत.

मला त्यांनी खरं काय शिकवलं असेल तर ते एका जानेवारीच्या सकाळी, आमच्याच गावच्या ओढ्यात. थंडी अशी होती की पाण्यात पाय घातला की पोटऱ्या दुखायच्या. साहेब पुढं चालता चालता थांबले, डाव्या काठाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "हितं पाय ठिव बे." ठेवला. पाणी कोमट होतं. तिथून एक पाऊल बाजूला गेलो तर पुन्हा बर्फ. त्या काठानं शंभर-दीडशे पावलांत अशा चार जागा त्यांनी मला दाखवल्या. दगड उलटून त्याच्या पोटाला चिकटलेल्या बारक्या अळ्या दाखवल्या, वाळूचे कण एकमेकांना चिकटवून अंगाभोवती घर बांधणाऱ्या. कोमट जागी मुऱ्या मासे झुंडीनं होते, इतर ठिकाणी एकही नव्हता.

मग काठावर बसून त्यांनी समजावलं. पावसाळ्यात पठारावर पडलेलं पाणी मुरमात मुरतं. खाली काळा पाषाण लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही, म्हणून ते आडवं सरकत राहतं आणि महिन्यांनी ओढ्याच्या काठातून बाहेर येतं. जमिनीच्या पोटातलं असल्यामुळं ते हिवाळ्यात कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार. मासे, खेकडे, काठाचे उंबर आणि जांभळी, सगळे त्याच्याच जिवावर वैशाख काढतात. "पाऊस संपल्यावर वाहतो त्यो वढा न्हाई," ते म्हणाले. "ती जमीन वाहती." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पायाची बोटं पाण्यात हलवत होते.

आता आमच्या वस्तीचं सांगितलं पाहिजे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळात आमच्या माणसांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, तेव्हापासून वस्तीचं पिण्याचं पाणी म्हणजे ओढ्यातला झिरा. ओढ्याच्या वाळूत हात-दोन हात खड्डा घ्यायचा, तळाशी पाणी पाझरून साठतं, ते वाटीनं हळूहळू हंड्यात भरायचं. घाई केली तर गढूळ होतं. पुढं विहीर सगळ्यांना खुली झाली, पण ती वरच्या आळीत, आणि तिथल्या नजरा काही खुल्या झाल्या नव्हत्या. त्यामुळं झिरा राहिला. माझ्या मायचं अर्धं आयुष्य त्या खड्ड्याशी वाकून गेलं. पावसाळा सोडला तर मी शाळेत जाताना ती तिथं असायची आणि परत येतानाही तिथंच दिसायची. मला त्या वाकण्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते याचा राग यायचा. नोकरी लागली त्या दिवशी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती घर नाही, लग्न नाही, वस्तीत नळ.

साहेबांना मात्र झिरा पाहून लग्नाला आल्यासारखा आनंद झाला. मायशेजारी उकिडवे बसून त्यांनी तासभर तिला प्रश्न विचारले. वैशाखात झिरा कुठं घेता? तिनं जागा दाखवली. तिथंच का? तर तिथली वाळू हाताला गार लागते म्हणून. सासूनं तिला दाखवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. ती जागा साहेबांच्या चौथ्या कोमट जागेच्या नेमकी खाली होती. ते उठले आणि मला म्हणाले, "तुजी माय माज्या आदीपासून खात्यात हाय." मायनं त्या दिवशी त्यांना बसवून भाकरी वाढली. पुढं त्या बाजूला दौरा असला की ते आमच्याकडंच जेवायचे. माय कुणी पाहुणा आल्यासारखी त्यांची वाट बघायची.

विहिरीच्या उद्घाटनाला त्यांना कुणी बोलावू नये, असा आमच्या ऑफिसात अलिखित नियम होता, तरी लोक बोलवायचेच. नारळ फुटला, पाणी उसळलं, लोक पेढे वाटायला लागले की हे कठड्याशी जाऊन खाली बघायचे आणि मालकाला विचारायचे, "आन हे आजवर जात कुटं हुतं?" बस, एवढंच. मालकाचं तोंड उतरायचं. पाणी लागलं हा शब्द त्यांना खपत नसे. पाणी लागत नाही, कुठं तरी चाललेलं असतं, आपण त्याला मध्येच धरतो, असं ते म्हणायचे. लोकांच्या लेखी ओढ्याचं पाणी आभाळाचं आणि विहिरीचं पाताळाचं. दोघांचा काही संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या खात्याच्याही नव्हतं. ओढे दुसऱ्या खात्याकडं होते.

त्या सुमारास पठारावरच्या बागायतदारांनी मिळून पाण्याची सहकारी संस्था काढली. सगळ्यांनी मिळून विहिरी घ्यायच्या, एकच पाइपलाइन टाकायची आणि मोसंबीच्या बागा जगवायच्या. चेअरमन मोठा जमीनदार होता, पण माणूस वाईट नव्हता. मवाळ बोलायचा, वस्तीत खडीचा रस्ता त्यानंच आणला होता. संस्थेनं पहिल्या दोन विहिरी घेतल्या आणि दोन्हींत कोरडा पाषाण लागला. सभासद कुरकुरायला लागले. तेव्हा एका सकाळी, माय झिऱ्यावर गेलेली असताना, चेअरमन आमच्या घरी आला. आमच्या बाजेवर बसला, आमच्या कपात चहा प्याला. माझा आज्जा ज्यांच्या अंगणाबाहेर उभा राहायचा त्यांचा नातू आमच्या कपात चहा पितो हे पाहून मी आधीच निम्मा विरघळलो होतो. तू आपल्या गावचा, खात्यात आहेस, एवढी जागा दाखव, असं तो म्हणाला.

मी म्हणालो, वस्तीला नळ पाहिजे.

"दिला," तो म्हणाला. "ठरावातच घेतो." आणि त्यानं खरोखर घेतला. ठरावाची नक्कल चार दिवसांत माझ्या हातात होती.

जागा कशी दाखवायची हे मला ठाऊक होतं. जानेवारीच होता. ऊब कडक थंडीतच कळते, म्हणून मी चेअरमनला आणि त्याच्या विहीर खोदणाऱ्या गवंड्याला घेऊन पहाटे, बायका झिऱ्यावर यायच्या आत, ओढ्यात उतरलो, चपला काठावर ठेवल्या आणि पायानं चाचपत चारही कोमट जागा शोधून दिल्या. चेअरमननं धोतर वर धरून स्वतः पाय ठेवून पाहिला आणि पोरासारखा हसला. प्रत्येक जागेसमोर, काठाच्या वर चढावर, मी चुन्याच्या फुल्या मारल्या. पाणी इकडून येतं म्हणजे वर आहे, वर खोदा. मी शास्त्र वापरत होतो. साहेबांनी जे ओढा समजण्यासाठी शिकवलं होतं ते वापरून मी वस्तीला नळ आणत होतो, आणि यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. उलट अभिमान वाटत होता.

नव्या विहिरींच्या कर्जाला आमच्या खात्याची शिफारस लागायची, म्हणून प्रस्ताव आमच्याच ऑफिसात आला, नकाशावर चार फुल्या घेऊन. साहेबांनी तो उलगडला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. मग माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घालून ओढ्यावर नेलं आणि चौथ्या फुलीजवळ उभं केलं.

"म्या तुला वढा दाखवला बे," ते म्हणाले. "तू त्यान्ला हीर दाखवली."

मी नळाचं सांगितलं. मायची पाठ, वाटी, ते वाकणं, सगळं सांगितलं. आवाजही चढवला असेल. तुम्हाला झिरा बघायला बरा वाटतो, भरायला नाही लागत, असंही म्हणालो. ते त्यांना लागलं. ते म्हणाले, "खरं हाय तुजं. पर नळ त्येंचा ऱ्हाईल आन झिरा तुमचा हाय. नळाला चावी असती. ती कुनाच्या हातात आसंल?"

मला वाटलं, ह्या माणसाला माणसांपेक्षा खेकडे प्यारे आहेत. तसं मी बोललो नाही, एवढी अक्कल होती. पण परत येताना जीपमध्ये आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

त्यांनी शिफारस दिली नाही. पिण्याच्या पाण्याजवळ नवी विहीर घेता येत नसे, म्हणून छापील अर्जात एकच प्रश्न असायचा, पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर किंवा बोअर किती लांब. ती तर वरच्या आळीत, भरपूर लांब होती. झिऱ्याला अर्जात जागाच नव्हती. साहेबांनी समासात हातानं लिहिलं, झिरा ही बिनकाठाची विहीर समजावी. वरून उत्तर आलं की झिरा म्हणजे ओढा आणि ओढा आपल्या खात्याचा विषय नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं की पाण्याला खातं नसतं. अशी ती फाइल वर-खाली फिरत राहिली. त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते आणि ते सगळे महिने त्यांनी त्या एका फाइलीवर बसून काढले. मग ते निवृत्त झाले. नवा माणूस गेवराई कुठं आणि केज कुठं हे नकाशात शोधणारा होता. त्यानं पाहणी करायला मलाच पाठवलं. मी लिहिलं, जवळपास पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्रोत नाही. खाली सही केली.

विहिरींना असं पाणी लागलं की बघायला केजपर्यंतचे लोक आले. महिनाभरात वस्तीत नळ आला. पहिल्या दिवशी मायनं घरातलं एकूण एक भांडं भरलं, अगदी पोळपाटाशेजारची वाटीसुद्धा. मग ओट्यावर येऊन बसली. दुपारभर ती नुसती बसून होती, कारण त्या वेळेला काय करायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. तो दिवस खोटा होता असं मला आजही म्हणवत नाही. मी लई खूश होतो.

ओढा मरताना मी एकट्यानंच पाहिला, कारण बघायचं कसं हे मला एकट्यालाच शिकवलेलं होतं. आधी दगडाखालच्या वाळूची घरं बांधणाऱ्या अळ्या गेल्या. दुसऱ्या वर्षी जानेवारीत पाय घातला तर ओढा सगळीकडं सारखाच गार लागला. त्यानंतर मार्गशीर्षातच धार तुटायला लागली, डबकी उरली, त्यांत मासे गोळा झाले आणि बगळ्यांनी ते आठवड्यात संपवले. खेकडे खोल खोल बिळं करत गेले, नंतर बिळांच्या तोंडाशी कोळ्यांनी जाळी धरली. खंड्या पक्षी एक दिवस दिसला नाही आणि मग कधीच दिसला नाही. काठाच्या उंबरानं भर पावसाळ्यात पानं टाकली. वस्तीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. नळ चालू होता, ओढ्याकडं जायचं कारणच उरलं नव्हतं. जुना झिरा पुराच्या वाळूनं केव्हाच बुजला होता. मी साहेबांना पत्र लिहायला दोन वेळा बसलो. काय लिहायचं ते सुचलं नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. संस्थेच्या विहिरींनी तळ गाठला. संस्थेनं बैठक घेतली आणि ठराव केला की असलेलं पाणी आधी झाडांना. माणसांना सरकारचा टँकर येऊ शकतो, मोसंबीला येत नाही, आणि बाग एकदा जळली की पंधरा वर्षांची मेहनत जाते. चेअरमननं घरी येऊन हे मला समजावून सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आणि ते खरं होतं. पण ठरावानं आलेला नळ ठरावानं बंद झाला.

बायका खोरी-घमेली घेऊन पुन्हा ओढ्यात उतरल्या. मायनं जुनी जागा दाखवली. हातभर खोदलं, कोरडं. दोन हात, कोरडं. कमरेएवढं खोदल्यावर जरा ओल लागली म्हणून सगळ्यांना आशा आली. टँकर यायचा चार-पाच दिवसांनी, तोही यायचा तेव्हा यायचा. माझी चुलती सगळ्यांत जिद्दी. ती पुरुषभर खोल खड्ड्यात उतरून वाळू वर देत होती आणि काठ ढासळला. आम्ही हातांनी वाळू उपसून तिला बाहेर काढलं तेव्हा ती जिवंत होती. बीडला नेताना जीपमध्ये गेली. तिच्या मुठीत वाळू होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

तिसऱ्याच्या दिवशी वस्ती बुद्धविहारासमोर जमली आणि पहिल्यांदा तो प्रश्न निघाला, की वरच्या लोकांना ही जागा दाखवली कुणी? विहिरी झिऱ्याच्या बरोबर डोक्यावर आल्याच कशा? एक जण म्हणाला, तो खेकडेसाहेब नाही का, महिनेन्महिने इथंच पाय घालून फिरत होता. सगळ्यांना पटलं. बूट गळ्यात घालून ओढ्यात काहीतरी चाचपणारा माणूस सगळ्यांनीच पाहिला होता. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. मी खात्यातला, पण मी घरचा. मी मान खाली घालून बसून राहिलो.

त्यानंतर आठवड्याभरात ते स्वतःच आले. कुणाकडून तरी कानावर गेलं असावं. फाट्यावर यष्टीतून उतरून उन्हातून दीड कोस चालत आले होते. फार थकले होते, सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. पिशवी आमच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, चल.

चुलतीचा खड्डा तसाच होता. त्यांनी काठावर आडवं होऊन खांद्यापर्यंत हात आत घातला, तळची वाळू मुठीत घेतली, दाबली, सोडली. तसंच पुढं चारही जागी केलं. मग माझ्याकडं बघून मान हलवली. माझ्या मनात कुठंतरी होतं की हा माणूस काहीतरी जागा सांगेल. तसं काही उरलं नव्हतं.

तोवर बायका जमल्या होत्या, मायही होती. चुलतीची सून पुढं आली. तिच्या कडेवर लेकरू होतं.

"तूच ना त्यो सायेब?" ती म्हणाली. "वरच्यायला जागा तूच दाखवली ना?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाळूकडं पाहत होतो. असा किती वेळ गेला सांगता येत नाही, पण मला बोलायला तेवढा पुरेसा होता.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच दाखवली."

"कावून?"

"वाटलं, तुमास्नी नळ ईल. मायचं वाकनं थांबंल. चुकलं माजं."

माझंच वाक्य होतं ते, त्या दिवशी ओढ्यावर चढ्या आवाजात सांगितलेलं. त्यांनी त्यातला शब्दही बदलला नव्हता. विहिरीच्या पातळीत बोटभर खोटं लिहिणाऱ्याशी जन्मभर न बोललेला माणूस माझ्यासमोर उभा राहून खोटं बोलत होता. चुलतीची सून थुंकली, त्यांच्या पायाजवळ. दुसऱ्या कुणी तोंडातून येईल ते बोललं. ते सगळं ऐकून घेईपर्यंत ते हलले नाहीत. बायका गेल्यावर मी कसंबसं विचारलं, साहेब, असं का केलंत?

"मला चारची गाडी हाय बे," ते म्हणाले. "तुला हितंच ऱ्हायाचं हाय."

घरी आलो. ते ओट्याशी उभे राहून पिशवी उचलायला लागले. ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, घोटभर पाणी दे. मी आत गेलो. टँकरचं पाणी होतं, अर्धा हंडा. तांब्या बुडवला, भरला आणि वळलो तर दारात माय उभी होती. ज्या बाईच्या ओंजळीत तिच्या उमेदीत वरच्या आळीनं लांबून पाणी ओतलं होतं, ती बाई दार अडवून उभी होती.

"त्याला पानी देऊ नगस," ती म्हणाली. "माजी जाऊ खाल्ली त्यानं."

बाहेर त्यांना ते ऐकू गेलं असणार, मधे फक्त एक पडदा होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं. जागा मी दाखवली, माय. एवढंच. मी हंड्यात पाणी परत ओतलं. बाहेर आलो तेव्हा ते अंगण ओलांडून गेले होते. वैशाखाचं ऊन होतं आणि फाट्यापर्यंत वाटेत एकही झाड नव्हतं. ते वळले नाहीत. मी हाक मारली नाही.

पुढच्या वर्षी ते गेले, गेवराईकडच्या त्यांच्या गावी. मला महिन्यानं कळलं. वस्तीत कळलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, बरं झालं.

मायला खरं सांगायला मला त्यानंतर अकरा वर्षं मिळाली. मी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात ती गेली, म्हणून आता लिहितोय.